कॉर्टिसॉल वाढलं की पेशीतल्या आरएनएचं नेमकं काय होतं

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एमव्हीएससी (पशुवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या एक ताई उन्हाळ्यात उस्मानाबादी शेळ्यांवर काम करायल्यात, एक गट उन्हात आणि एक सावलीत. उन्हातल्या शेळ्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोन वाढलेलं सापडलं, लिव्हरच्या बायोप्सीत टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज म्हणजे टीएटी या एन्झाइमचा एमआरएनए (जीनवरून उतरवलेला, प्रोटीन बनवायचा निरोप) वाढलेला दिसला, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत टीएनएफ-अल्फा या सूज आणणाऱ्या प्रोटीनचा घसरलेला दिसला, आणि ज्याला स्थिर धरून बाकीचे आकडे मोजायचे तो जीएपीडीएच जीनच गटागटात हलायलंय. गाईडचं म्हणणं असं की स्ट्रेस हार्मोननं आरएनए वाढतो का घटतो ते एका ओळीत लिहा. तर काय लिहू?

ताई, दोन्ही होतं, आणि एकाच जनावरात एकाच वेळी होतं. त्यामुळं तुमचे लिव्हरचे आणि रक्ताचे आकडे एकमेकांच्या विरोधात आहेत असं अजिबात समजू नका, ते दोन्ही बरोबर असू शकतात. पण माझं खरं म्हणणं वेगळंय, मी पशुवैद्यकीय बायोकेमिस्ट्रीत बरीच वर्षं काढलीत आणि आपल्याकडच्या थिसिसमध्ये हे सारखं बघतो की आरएनए वाढला म्हणजे जीन चालू झाला आणि घटला म्हणजे बंद झाला एवढंच धरून चालतात. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे आरएनए मोजायच्या नेहमीच्या चाचणीत, जो आकडा येतो तो विहिरीतल्या पाण्याच्या पातळीसारखाय, पाझर किती आणि उपसा किती हे त्यातून कळत नाही. आरएनए किती बनतो हा पाझर आणि किती मोडला जातो हा उपसा, आणि स्ट्रेस हार्मोन या दोन्हींवर हात ठेवतं. मोडण्याची बाजू आपण सोडूनच देतो, म्हणून आज त्याच्यावरच जास्त लिहिणारय.

पण त्याच्याआधी एक घोळ दूर करू. उन्हात बांधलेल्या शेळीत दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. एक म्हणजे हार्मोनचा स्ट्रेस: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच, पिट्युटरीतून एसीटीएच, आणि अॅड्रिनलच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल, आणि त्याच ग्रंथीच्या आतल्या भागातून अॅड्रिनलिन. दुसरा म्हणजे खुद्द पेशीला लागलेली उष्णता. हे दोन वेगळे आहेत. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, शेळीच्या अंगाचं तापमान थोडं जरी चढलं तरी पेशीतला एचएसएफ-१ नावाचा घटक जागा होतो आणि एचएसपी-७० या उष्णतेपासून वाचवणाऱ्या प्रोटीनचा एमआरएनए धडाधड बनायला लागतो, त्याला कॉर्टिसॉलची गरज नाही. १९६२ साली रितोसानं फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेनं फुगवटे येतात हे दाखवलं तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली. १९८६ मध्ये योस्ट आणि लिंडक्विस्ट यांनी त्याच माशीच्या पेशींत दाखवलं की जोराचा हीट शॉक बसला की स्प्लायसिंगच, म्हणजे कच्च्या आरएनएमधले नको असलेले तुकडे (इन्ट्रॉन) कापून कामाचे (एक्सॉन) जोडणंच, बंद पडतं, मग इन्ट्रॉन असलेल्या जीनचा आरएनए अर्धवट पडून राहतो आणि एचएसपी-७० मात्र सुटतो कारण त्याच्या जीनमध्ये इन्ट्रॉनच नाहीत. शिवाय अशा पेशीत प्रोटीन बनवायला सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ-२-अल्फाला फॉस्फेट लागतं, प्रोटीन बनणं थांबतं आणि थांबलेले एमआरएनए स्ट्रेस ग्रॅन्यूल नावाच्या गोळ्यांत जमा होतात. हे सगळं पेशीच्या स्वतःच्या त्रासामुळं, हार्मोनमुळं नाही. म्हणून तुमच्या शेळ्यांत एचएसपी-७० वाढलेलं सापडलं तर ते कॉर्टिसॉलच्या खात्यावर टाकू नका, एवढी विनंतीय.

अजून एक, उष्णता लांबली की कॉर्टिसॉल तसंच वर राहत नाही, जनावर सरावतं आणि आठवड्यांनी ते खाली येतं, कधीकधी सावलीतल्या गटाच्याही खाली. त्यामुळं पहिल्या दिवसाचं सॅम्पल आणि तिसऱ्या आठवड्याचं सॅम्पल एकत्र करून सरासरी काढली तर हाती काहीच लागणार नाही. आणि कोंबड्यांवर काम करणारं कोणी वाचत असेल तर, कोंबडी, उंदीर, घूस यांचं मुख्य हार्मोन कॉर्टिसॉल नाही, कॉर्टिकोस्टेरॉन आहे, किट त्याचाच घ्या.

आता कॉर्टिसॉल पेशीत गेलं की काय होतं. ते तेलात विरघळणारं आहे, पडद्यातून सरळ आत जातं. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड (म्हणजे कॉर्टिसॉलच्या जातीच्या हार्मोनांचा) रिसेप्टर, पुढं मी नुसतं जीआर म्हणतो, एचएसपी-९० आणि एफकेबीपी-५१ वगैरे मंडळींना धरून सायटोप्लाझममध्ये बसलेला असतो. कॉर्टिसॉल चिकटलं की तो न्यूक्लियसमध्ये जातो, मिनिटांचं काम, आणि डीएनएवर एजीएएसीए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टीजीटीटीसीटी अशा १५ अक्षरांच्या जागेवर जोडीनं बसतो. माणसाच्या जीआरचा जीन १९८५ मध्ये क्लोन झाला आणि त्यानंतर हे चित्र भराभर स्पष्ट होत गेलं. पहिल्या तासाभरात वर येणारे जीन जवळपास ठरलेले असतात, एफकेबीपी-५, पर-१, गिल्झ, डस्प-१, एसजीके-१. यातला एफकेबीपी-५ बघा, तो जे प्रोटीन बनवतो तेच एफकेबीपी-५१, म्हणजे जीआरलाच परत मंद करणारं. जनावर खरंच हार्मोनच्या प्रभावाखाली आहे का हे तपासायला मी टीएटीच्या आधी एफकेबीपी-५ आणि गिल्झ लावायला सांगतो, ते साक्षीदार म्हणून जास्त भरवशाचे आहेत.

लिव्हरमध्ये वाढ का दिसते ते सरळ आहे. कॉर्टिसॉलचं काम स्नायूतल्या अमिनो अॅसिडपासून साखर बनवायला लावणं, म्हणून त्या कामातली एन्झाइम टीएटी आणि पीईपीसीके यांचा एमआरएनए वाढतो. पण तिथं फक्त दोन-चार जीन वाढत नाहीत, अख्खा कारखानाच मोठा होतो. १९७१ मध्ये यू आणि फायगेलसन यांनी घुशीच्या लिव्हरमध्ये दाखवलं की कॉर्टिसोन दिल्यावर न्यूक्लिओलसमधल्या आरएनए पॉलिमरेजचं काम वाढतं, म्हणजे रायबोसोमल आरएनए, प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोम या यंत्राचा आरएनए, जास्त बनतो. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी ८० टक्क्यांच्या वर हाच असतो हे लक्षात असू द्या, पुढं कामाला येणारय. शेळी-गाय-म्हशीबाबत मात्र एक फरक आहे जो घुशीवरचे पेपर वाचून कळत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या आतड्यातून ग्लुकोज फारसं येतच नाही, रूमेनमधल्या प्रोपिओनेटपासून लिव्हर दिवसरात्र साखर बनवत असतं, त्यामुळं पीईपीसीके आधीच वर असतो आणि कॉर्टिसॉलनं घुशीइतकी उडी दिसेलच असं नाही. उडी दिसली नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका.

थायमस ही प्रतिकारशक्तीची ग्रंथी आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी यांच्यात याच्या उलट. सेल्येनं १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की कुठलाही त्रास दिला तरी घुशीचं अॅड्रिनल फुगतं, थायमस आक्रसतं आणि पोटात व्रण पडतात. थायमस आक्रसतं कारण त्यातल्या पेशी मरतात, १९८० मध्ये वायलीनं दाखवलं की ग्लुकोकॉर्टिकॉइड दिल्यावर थायमसच्या पेशींचा डीएनए आतल्या आतच ठराविक तुकड्यांत कापला जातो. त्याच्याही आधी या जातीच्या पेशींत रायबोसोमल आरएनए बनणं मंदावतं. म्हणजे तोच कॉर्टिसॉल, तोच जीआर, लिव्हरमध्ये रायबोसोमचा कारखाना वाढवतो आणि लिम्फोसाइटमध्ये बंद करतो. फरक रिसेप्टरमध्ये नाही, डीएनएची कुठली जागा उघडी आहे आणि कुठली गुंडाळलेली आहे त्यात आहे, ते प्रत्येक ऊतीत आधीच ठरलेलं असतं.

आता तुमचा टीएनएफ-अल्फा. इथं तीन गोष्टी एकदम चालू असतात आणि तिन्हींचा शेवट आकडा खाली येण्यात होतो.

पहिली ओळखीची, जीआर जाऊन सुजेचे जीन चालू करणारे घटक एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ यांच्या कामात अडथळा आणतो आणि टीएनएफचा नवा आरएनए कमी बनतो. हे सगळ्या पुस्तकात आहे, पुढं जाऊ.

दुसरी मोडण्याची. टीएनएफ-अल्फाच्या एमआरएनएच्या शेवटच्या भागात, प्रोटीनचा निरोप संपल्यावर, एयूयूयूए अशी अक्षरं परत परत येतात. ज्या एमआरएनएवर ही खूण असते तो फार जगू द्यायचा नाही असा पेशीचा नियमच आहे. सी-फॉस या जीनसारखा आरएनए तासाच्या आतच अर्धा होतो, उलट ग्लोबिनचा एक दिवसाच्याही पुढं टिकतो. ही खूण वाचणारं प्रोटीन म्हणजे ट्रिस्टेट्राप्रोलिन, टीटीपी. ते खुणेवर बसतं, सीसीआर-४-नॉट नावाच्या संचाला बोलावतं, तो संच एमआरएनएची पॉली-ए शेपटी कुरतडतो, जी नवीन असताना साधारण २०० अक्षरांची असते, शेपटी संपली की डोक्यावरची टोपी (कॅप) काढली जाते आणि एक्सआरएन-१ हे एन्झाइम पुढून आणि एक्सोसोम नावाचा संच मागून उरलेलं संपवतात. ग्लुकोकॉर्टिकॉइडनं याच टीटीपीचा जीन चालू होतो, २००६ मध्ये स्मोक आणि सिडलॉव्स्की यांनी हे दाखवलं. ज्या उंदरांत टीटीपीच नसतं त्यांच्यात टीएनएफ वाढून सांधे सुजतात, अंग झडतं. म्हणजे हार्मोन एक जीन चालू करतं आणि त्या जीनचं प्रोटीन दुसऱ्या जीनचा आरएनए मोडतं. वाढ आणि घट एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, मग एका ओळीत वाढतो का घटतो कसं लिहिणार?

याच्यातच एक नाजूक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. सूज चालू असलेल्या पेशीत पी-३८ नावाचा काइनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम, चालू असतो, तो त्याच्या पुढच्या एमके-२ करवी टीटीपीला फॉस्फेट लावून निकामी ठेवतो. म्हणून नुसतं टीटीपी वाढून भागत नाही. कॉर्टिसॉल इथं डस्प-१ वाढवतं, डस्प-१ पी-३८ चा फॉस्फेट काढतं, पी-३८ थंडावला की टीटीपी मोकळं होतं. कॉक्स-२ सारख्या सुजेच्या बाकी एमआरएनएवरही हाच रस्ता चालतो. आपण कासदाह, संधिवात असलेल्या जनावराला डेक्सामेथासोनचं (कॉर्टिसॉलसारख्या औषधाचं) इंजेक्शन देतो आणि सूज उतरते, त्यातला मोठा भाग हा आरएनए लवकर मोडण्याचा आहे.

एक रस्ता अजून सरळ सापडलाय, २०१५ मध्ये कोरियातल्या गटानं दाखवला. जीआर स्वतःच काही एमआरएनएच्या सुरुवातीच्या भागाला चिकटलेला असतो, उदाहरणार्थ सुजेतला सीसीएल-२, आणि कॉर्टिसॉल येऊन बसलं की पीएनआरसी-२ आणि यूपीएफ-१ या प्रोटीनांना बोलावून टोपी काढायला लावतो. म्हणजे जो रिसेप्टर आपण डीएनएवर बसणारा म्हणून शिकलो तो आरएनएवर बसून त्याला मोडायलाही लावतो, मधे नवा जीन चालू व्हायची वाटच बघायची नाही. आणि याच्या उलट्या बाजूनं आरएनए रिसेप्टरला पकडतो. गॅस-५ नावाचा एक आरएनए आहे, त्याच्यापासून प्रोटीन बनत नाही, पेशी उपाशी राहिली किंवा वाढ थांबली की तो साठतो, आणि त्याची एक घडी हुबेहूब डीएनएवरच्या जीआरच्या जागेसारखी दिसते. जीआर तिथं जाऊन अडकतो आणि खऱ्या जागी पोचत नाही, २०१० मध्ये किनो आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. आपल्याकडं दुष्काळात जनावर उपाशीही असतं आणि कॉर्टिसॉलही वर असतं, अशा वेळी पेशी हार्मोनला किती दाद देते हे नुसत्या रक्तातल्या पातळीवरून ठरत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

तिसरी गोष्ट मात्र आरएनएची नाहीच, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शंका तिचीच आहे. कॉर्टिसॉल वाढलं की रक्तातल्या पेशींचं प्रमाणच बदलतं. शेळी-गाईत एरवी लिम्फोसाइट जास्त असतात, स्ट्रेसमध्ये लिम्फोसाइट रक्तातून निघून जातात आणि न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी वाढतात. का वाढतात तेही आरएनएशीच जोडलेलंय: गाईच्या न्यूट्रोफिलवर डेक्सामेथासोनचा परिणाम बघताना असं सापडलं की एल-सिलेक्टिन नावाचं प्रोटीन आणि त्याचा एमआरएनए दोन्ही घसरतात, त्या प्रोटीनशिवाय न्यूट्रोफिलला रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर जाता येत नाही, मग ते रक्तातच फिरत राहतात. व्यायच्या वेळी गाईचं कॉर्टिसॉल चढतं आणि नेमकं त्याच आठवड्यात कासदाह जास्त का होतो याचं एक उत्तर यात आहे. तर तुम्ही सगळ्या पांढऱ्या पेशी एकत्र करून आरएनए काढला असेल, तर टीएनएफचा आकडा प्रत्येक पेशीत घसरला का पेशींची जातच बदलली हे सांगता येणार नाही. स्लाइड काढून डिफरन्शियल काउंट, म्हणजे कुठल्या जातीच्या पांढऱ्या पेशी किती याची मोजणी, केलाय का? नसेल तर उरलेल्या ब्लड स्मिअरवर आज करा, काही खर्च नाही त्याला.

सगळं घटवायचंच काम हार्मोन करतं असं पण नाही. काही एमआरएनएचं आयुष्य ते वाढवतं, ग्रोथ हार्मोन आणि पीईपीसीके ही जुनी उदाहरणं आहेत. दुधाचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. दुधातलं प्रोटीन केसिन, त्याचा एमआरएनए बनायला प्रोलॅक्टिन हे हार्मोन लागतं, पण इन्सुलिन आणि कॉर्टिसॉलची साथ नसेल तर कासेच्या पेशी नीट दूध बनवत नाहीत, आणि १९७९ मध्ये रोझेनच्या गटानं घुशीच्या कासेत दाखवलं की प्रोलॅक्टिन असताना केसिनचा एमआरएनए कित्येक पट जास्त टिकतो. दूध सुरू व्हायच्या काळात एमआरएनएचा जो डोंगर साठतो तो नुसता बनवून नाही साठत, न मोडल्यामुळं साठतो. म्हणून कॉर्टिसॉल म्हटलं की वाईटच असं धरणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, कास चालू करायलाच ते लागतं.

अॅड्रिनलिनचं थोडक्यात. ते पेशीच्या आत जात नाही, बाहेरच्या बीटा रिसेप्टरला लागतं, आत सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, पीकेए हा काइनेज चालू होतो, क्रेब या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला १३३ नंबरच्या सेरीनवर फॉस्फेट लागतं आणि सी-फॉस, पीजीसी-१-अल्फा, पीईपीसीके असे जीन चालू होतात. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं पण त्यानं चालू केलेल्या आरएनएचा परिणाम तासभर मागं राहतो. आणि इथंही मोडण्याची बाजू आहे: सारखं सारखं उत्तेजन मिळालं की बीटा रिसेप्टरच्या स्वतःच्या एमआरएनएचं आयुष्य निम्म्याच्या आसपास येतं, हॅमस्टरच्या पेशींत हे १९८० च्या दशकाच्या शेवटी मोजलंय. सततच्या त्रासात जनावर अॅड्रिनलिनला दाद देईनासं होतं त्यातला हा एक धागा.

स्प्लायसिंगकडं आपल्याकडं कोणी बघतच नाही, आणि इथं दोन फार सुंदर पेपर आहेत, दोन्ही १९९८ चे. एकात शी आणि मॅककॉब यांनी घुशीची पिट्युटरी काढली, म्हणजे एसीटीएच गेलं, आणि अॅड्रिनलच्या आतल्या पेशींत पोटॅशियम चॅनलच्या एमआरएनएमधून स्ट्रेक्स नावाचा एक एक्सॉन गळायला लागला, एसीटीएच दिल्यावर ती गळती थांबली. त्या एक्सॉनमुळं चॅनल वेगळा वागतो आणि अॅड्रिनलिन सोडणाऱ्या पेशीचा स्वभावच बदलतो. दुसऱ्यात जेरुसलेमच्या सोरेक यांच्या गटानं उंदरांना जबरदस्तीनं पोहायला लावलं आणि मेंदूत अॅसिटिलकोलिनेस्टरेजचा नेहमीचा प्रकार मागं पडून दुसऱ्या पद्धतीनं स्प्लाइस झालेला प्रकार वाढला. दोन्हीत जीन तोच, आरएनए वेगळा. आता तुमचा प्रायमर (मोजायचा तुकडा ठरवणारा छोटा डीएनए) अशा गळणाऱ्या एक्सॉनवर बसत असेल तर आकडा घटलेला येईल आणि तुम्ही लिहाल जीन बंद झाला, आणि तो बंद झालेलाच नसेल. प्रायमर कुठल्या दोन एक्सॉनच्या सांध्यावर आहे ते थिसिसमध्ये स्पष्ट लिहा.

मायक्रोआरएनएवर, म्हणजे दुसऱ्या एमआरएनएला दाबणाऱ्या इवल्या आरएनएवर, तर रोज नवीन काहीतरी येतं, मी दोनच सांगतो. मेंदूत मिर-१२४ आणि मिर-१८ हे मायक्रोआरएनए जीआरचंच प्रमाण कमी करतात, आणि घुशीच्या थायमस पेशींत ग्लुकोकॉर्टिकॉइडनं डायसर, ड्रोशा अशी मायक्रोआरएनए कापणारी एन्झाइमच घटतात. २०१४ मध्ये झुरिकच्या गटानं त्रास दिलेल्या नर उंदरांच्या वीर्यातला आरएनए साध्या फलित अंड्यात टोचला आणि पिल्लांत बापासारखी लक्षणं काही प्रमाणात दिसली. मोठं काम आहे, पण ते उंदरांवरचं आहे, लगेच देवणी किंवा लाल कंधारी वळूवर लावून मोकळं होऊ नका, आपल्याकडच्या वळूंवर ते कोणीतरी नीट करायला पाहिजे आणि उदगीर-परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ते होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

स्नायूचं राहिलं. कॉर्टिसॉलनं स्नायूत अॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ यांचा एमआरएनए वाढतो, हे दोघं स्नायूची प्रोटीनं मोडायला खुणा लावतात. त्याच वेळी रेड-१ हे प्रोटीन वाढतं, त्यानं प्रोटीन बनवण्याला चालना देणारा एमटॉर दबतो आणि रायबोसोमची प्रोटीनं बनवणारे जे एमआरएनए आहेत ते असूनही वाचले जात नाहीत. म्हणजे आरएनए आहे, मोडलेला पण नाही, पण कामावर नाही. क्यूपीसीआरला हे कधीच दिसणार नाही, त्याला पॉलिसोम (रायबोसोम चढलेले एमआरएनए) वेगळे करावे लागतात किंवा निदान वेस्टर्न ब्लॉटनं प्रोटीन मोजावं लागतं. २०१२-१३ च्या आणि २०१५-१६ च्या दुष्काळात बीड-धाराशिवकडच्या चारा छावण्यांत ज्यांनी जनावरं बघितली असतील त्यांना बरगड्या निघालेले बैल आठवतील, उपास आणि कॉर्टिसॉल दोन्ही मिळून स्नायूवर हेच करतात, आणि नुसता चारा दिला म्हणून स्नायू लगेच भरत नाही कारण आधी रायबोसोमच परत उभे करावे लागतात.

आता तुमच्या कामाकडं. सगळ्यात आधी सॅम्पल घेण्याची पद्धत. शेळी पकडून, दाबून धरून रक्त काढेपर्यंत काही मिनिटांतच कॉर्टिसॉल चढतं, त्यामुळं दोन्ही गट सारख्याच माणसानं, सारख्याच वेळेला, शक्यतो सकाळी, आणि पटकन हाताळले पाहिजेत. पकडण्याच्या आधीची पातळी हवी असेल तर लेंड्यांतले कॉर्टिसॉलचे अवशेष मोजा, त्यात कित्येक तासांची बेरीज येते. वेळ का महत्त्वाची तेही सांगतो, हे हार्मोन सलग येत नाही, साधारण तासा-तासानं लाटा येतात, आणि २००९ मध्ये लाइटमन आणि हेगर यांच्या गटांनी घुशीत दाखवलं की जीआर जे जीन चालू करतो त्यांचा नवा आरएनएही त्या लाटांबरोबर वर-खाली होतो, पण पक्का झालेला एमआरएनए मात्र त्या लाटा पुसून सपाट दाखवतो. म्हणून ताजा आणि पक्का आरएनए वेगळा मोजायला पाहिजे, आणि ते तुम्हाला आहे त्या मशीनवर करता येतं. एक प्रायमर जोडी इन्ट्रॉनच्या आत ठेवा, ती फक्त न कापलेला ताजा आरएनए मोजते, म्हणजे बनण्याचा अंदाज. दुसरी एक्सॉनच्या सांध्यावर. इन्ट्रॉनचा आकडा तसाच आणि एक्सॉनचा घसरलेला, तर मोडणं वाढलंय. दोन्ही घसरले तर बनणंच कमी झालंय. फक्त डीएनेजची प्रक्रिया चोख करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल लावा, नाहीतर इन्ट्रॉनचा प्रायमर जीनोमिक डीएनएच मोजत बसेल.

अर्धायुष्य काढायला बरेचजण अॅक्टिनोमायसिन-डी घालून ट्रान्सक्रिप्शन थांबवतात आणि तासा-तासाला मोजतात. पेशींवर करणार असाल तर चालेल पण जपून. १९६० च्या दशकाच्या शेवटी टॉमकिन्सच्या लॅबमध्ये लिव्हरच्या ट्यूमर पेशींत हे औषध घातल्यावर टीएटी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. टीटीपीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा, हार्मोन टीटीपी बनवून टीएनएफ मोडतं, आणि तुम्ही ट्रान्सक्रिप्शनच थांबवलं तर टीटीपीही बनणार नाही आणि टीएनएफ टिकलेला दिसेल. हार्मोन आधी देऊन, त्याला काम करायला वेळ देऊन, मगच औषध घाला. पेशी वाढवताना साधं फीटल बोव्हाइन सीरम वापरू नका, त्यात गाईचं कॉर्टिसॉल असतंच, कोळशानं धुतलेलं सीरम घ्या. आणि जीआरला अडवणारं औषध मिफेप्रिस्टोन घालून परिणाम जातो का ते बघा, तो गेला तर जीआरचं काम, राहिला तर उष्णतेचं किंवा दुसरं कशाचं तरी. उन्हातल्या शेळ्यांच्या आकड्यांतून जे वेगळं करता येत नाही ते इथं करता येईल.

शेतावर आरएनए टिकवायचा म्हणजे लाइट गेली तरी चालेल असं काहीतरी हवं. लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर कृत्रिम रेतनवाल्यांकडं असतोच, विनंती करून वापरता येतो, नाहीतर आरएनए-लेटर किंवा ट्रायझॉलमध्ये लगेच बुडवा. उन्हातला गट गोठ्यापासून लांब आणि सावलीतला जवळ असेल तर उन्हातलं सॅम्पल जास्त वेळ उघडं राहतं, आणि मग तुम्ही हार्मोननं मोडलेला आरएनए मोजताय का वाटेत मोडलेला, हे कोणालाच कळणार नाही.

जीएपीडीएच हलायलंय त्याचं नवल नाही. ते ग्लुकोज मोडण्याच्या रस्त्यातलं एन्झाइम आहे आणि कॉर्टिसॉलचं सगळं काम ग्लुकोजभोवती. असाच स्थिर म्हणून धरला जाणारा दुसरा जीन बीटा-अॅक्टिन, त्याच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. काहीजण म्हणतील एकूण आरएनए सारखा घ्या म्हणजे झालं, पण वर सांगितलं तसं एकूण आरएनए म्हणजे ८० टक्क्यांच्या वर रायबोसोमल, आणि लिव्हरमध्ये तोच वाढतो, लिम्फोसाइटमध्ये तोच घटतो, म्हणजे मोजपट्टीच ताणली जाते. निदान सहा-सात उमेदवार जीन लावा, जीनॉर्म या सॉफ्टवेअरवर त्यातले स्थिर तीन निवडा, त्यांची भूमितीय सरासरी घ्या, लिव्हरसाठी वेगळे आणि पांढऱ्या पेशींसाठी वेगळे. क्यूपीसीआर कसं करावं आणि लिहावं याच्या २००९ च्या माइक (एमआयक्यूई) मार्गदर्शक सूचनांत हे सगळं आहे आणि चांगला परीक्षक पहिलं तेच विचारतो.

गाईडना लिहून द्यायचं वाक्य मी असं केलं असतं: उन्हातल्या शेळ्यांत कॉर्टिसॉल वाढलेलं असताना लिव्हरमध्ये टीएटीच्या एमआरएनएचं प्रमाण जास्त आणि रक्तातल्या एकत्रित पांढऱ्या पेशींत टीएनएफ-अल्फाचं कमी आढळलं, यात निर्मिती, विघटन आणि पेशींच्या प्रमाणातला बदल यांचा वाटा या प्रयोगातून वेगळा केलेला नाही. इन्ट्रॉनचे प्रायमर आणि डिफरन्शियल काउंट झाले की शेवटचा तुकडा काढून त्या जागी खरा आकडा टाकता येईल. जीएपीडीएचचे आकडे मात्र टाकून देऊ नका, वेगळ्या तक्त्यात द्या, उस्मानाबादी शेळीत उन्हानं हा जीन हलतो हे पुढच्या पोरांना आधीच कळलं तर त्यांचे महिने वाचतील.